सात डब्यांतली मोटरसायकल

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी साडेपाच.

आज मिशीवाल्याने कमाल केली. पाण्याची जुनी टाकी कापली आणि त्या पत्र्याचा मडगार्ड ठोकला. समोरची शिवणवाली आणि मी, दोघी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवत होतो. वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या की आम्ही काळे चष्मे लावतो. सून म्हणते, अहो आई, टीव्हीतून ठिणगी बाहेर येत नाही. मला माहीत आहे. पण डोळे आमचे आहेत.

मिशीवाला आणि त्याचा मेहुणा टकलू, दोघांचं गॅरेज. कुणाची तरी भंगार मोटरसायकल आणायची आणि सात दिवसांत तिचं सोनं करायचं. भाषा मला निम्मी कळते. शाळा चौथीपर्यंत झाली माझी, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं आणि मोटरसायकल तर न बोलताच कळते. शेवटी चादर ओढतात, मालक रडतो, मग आम्ही रडतो. शिवणवाली जास्त रडते. तिला नाकाचा त्रास आहे.

हे सगळं आनंदात चाललं होतं, तर चहाच्या वेळी मुलगा म्हणाला, शेडमधली मोटरसायकल आता काढू या. नऊ वर्षं उभी आहे. जुन्या गाड्या घेणारा एक माणूस तेवीस तारखेला, रविवारी, न्यायला येणार आहे.

न्यायला! आमची गाडी! जिच्यावर मी एकतीस वर्षं मागे बसले!

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपर वर केला. शेहेचाळीस वर्षांचा संसार आहे, तो पेपर मला वाचता येतो. माणूस आतून तुटला होता.

४ फेब्रुवारी. सकाळी.

ठरलं. गाडी जाणार नाही. मी तिची कस्टम मोटरसायकल करणार. उंच हँडल, लांब सीट, टाकीवर ज्वाळा. बावीस तारखेपर्यंत तयार. तेवीसला तो माणूस आला की चादर ओढायची. मुलगा बघतच राहील, आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर नाव बदलेन.

मिशीवाल्याला सात दिवस पुरतात. मला एकोणीस आहेत. म्हणजे बारा दिवस आरामच.

शिवणवालीला सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, सीट माझ्याकडे लागली.

६ फेब्रुवारी. दुपारी.

काम सुरू. पहिला नियम टकलूचा: आधी सगळं खोलायचं, सांगाडा दिसेपर्यंत. ह्यांची पाने-पकडींची पेटी काढली. गंजलेल्या नटांवर रात्रभर तेल सोडून ठेवलं होतं, लोणी कापावं तसे सुटले. इतकं सोपं असतं आणि मेकॅनिक लोक किती तोंड वाकडं करतात! आरसे, दिवा, सीट, सायलेन्सर, चेन. हात कोपरापर्यंत काळे. मी आरशात बघितलं आणि मला मी फार आवडले.

सुनेने दारातून विचारलं, आई, परत कसं जोडणार? मी म्हटलं, तू स्वेटर उसवतेस तेव्हा मी विचारते का?

८ फेब्रुवारी, शनिवार.

इंजिन खाली आलं. आलं म्हणजे पडलं. खाली गादी होती.

९ फेब्रुवारी, रविवार.

इंजिनही खोललं. आत एवढं सामान असतं! देवाशपथ, माझ्या शिवणाच्या डब्यात नसेल इतकं. शिवणवाली म्हणाली, वहिनी, हे झाकलेलंच बरं होतं का? मी म्हटलं, अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.

हे दारात उभे राहून विचारून गेले, तेवीसपर्यंत होईल ना सगळं? म्हटलं, काळजी करू नका. दुपारी परत आले, परत तेच. किती जीव आहे बघा गाडीवर! बोलायचा नाही माणूस, पण जीव आहे.

१० फेब्रुवारी.

आज सफाई. एकेक नट, एकेक बोल्ट भांड्यांच्या पावडरीने घासला. दोनशे अकरा नग. चांदीसारखे झाले. टकलूच्या गॅरेजमध्ये सगळं मेणचट कापडावर लोळत असतं, ते मला कधीच आवडलं नाही. कामाचा गडी आहे, पण नीटनेटकेपणा नाही.

११ फेब्रुवारी.

ते घासलेले नग मी तांदूळ निवडावे तसे निवडले. मोठे एका डब्यात, मधले एका डब्यात, बारके एका डब्यात. वॉशर वेगळे. स्प्रिंगा वेगळ्या. दात असलेली चाकं वेगळी. जे कशातच बसेना ते सातव्या डब्यात. झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. फळीवर ओळीने ठेवून लांबून बघितलं. काय दिसत होतं! मिशीवाल्याने येऊन शिकावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

सुनेशी भांडण. डबे तिचे होते म्हणे. साखर तिने पातेल्यात ठेवली आणि पातेल्यात मुंग्या झाल्या. मी म्हटलं, मुंग्यांना गाडीचं महत्त्व कळत नाही, तुला तरी कळावं. ती म्हणाली, आई, तुम्ही त्या टीव्हीच्या नादी लागलात. मी म्हटलं, नादी लागायला वय लागत नाही.

बरं वाटलं. तिकडेही आठवड्याच्या मध्ये मिशीवाला-टकलूचं भांडण होतंच. त्याशिवाय गाडीत जीव येत नाही. म्हणजे सगळं वेळापत्रकाप्रमाणे.

१५ फेब्रुवारी. दुपार.

जोडायला घेण्याआधी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला एकदा नजर टाकायला बोलावलं. मदत नको होती. कौतुकाला जाणकार लागतो म्हणून.

पन्नाशीचा माणूस. आला, चहा घेतला, सात डबे उघडून बघितले आणि स्टुलावर बसला. म्हणाला, काकू, निवडलंय मात्र सुरेख. पण कुठला बोल्ट कुठून काढला?

मी म्हटलं, चिठ्ठी वाचा ना. मधले.

तो म्हणाला, मधले कुठले? इंजिनचे, ब्रेकचे की चेनचे? एकसारख्या मापाचे असतात, लांबीत केसाएवढा फरक असतो. आम्ही काढतो तेव्हा जिथला तिथे ठेवतो, नाहीतर त्याच भोकात परत लावून ठेवतो. मापाप्रमाणे निवडून कोणी ठेवत नाही, काकू.

मग दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. चहा गार झाला. म्हणाला, ही गाडी ज्याने बनवली त्याला बोलवा, मला जमायचं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं. हल्ली लोकांत धीरच नाही.

१७ फेब्रुवारी.

काल-आज मिळून दोन दिवस जोडतेय. पुढचं चाक बसवलं. निघालं. बसवलं. निघालं, आणि शिवणवालीच्या पायावर आलं. ती म्हणाली, काही नाही वहिनी, दुसरा पाय आहे.

आज चारचा मिशीवाल्याचा कार्यक्रम घड्याळ लावून बघितला. तिकडे सगळी गाडी एका गाण्यात जोडून होते. तीन मिनिटं. पाना दिसतो, हात दिसतो, मिशी दिसते, झाली गाडी. मधलं दाखवतच नाहीत! दोन वर्षं मी रोज बघतेय आणि हे आज लक्षात आलं. पत्र पाठवायला हवं त्यांना. आमच्यासारख्या कारागिरांचं नुकसान होतं.

१९ फेब्रुवारी.

जोडणी तात्पुरती बाजूला. आज रंग. टाकी काळी केली आणि ज्वाळा शिवणवालीने काढल्या, तिला नक्षीचा हात आहे. केशरी, वर निमुळत्या, मुळाशी जरा हिरवी झाक. आम्ही दोघी बराच वेळ बघत उभ्या राहिलो.

हे आले. चष्मा पुसला. म्हणाले, गाजरं छान आलीत.

थट्टा सुचतेय म्हणजे उमेद आली माणसात. माझं निम्मं काम झालं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

विचार पक्का केला. गाडी चाललीच पाहिजे असं कोणी सांगितलंय? टकलूनेच एकदा म्हटलं होतं की काही गाड्या नुसत्या बघायच्या असतात. आपली तसली. सांगाडा विटांवर उभा केला, वर टाकी, वर सीट. सीट मात्र शिवणवालीने अशी शिवली आहे की राणीला बसवावं. लाल, दुहेरी शिलाई. डबे मागे ओळीने. लांबून इंजिनसारखेच वाटतात.

२२ फेब्रुवारी.

चादर घातली. इस्त्री करून.

मुलाने विचारलं, आई, आत नक्की काय आहे? मी म्हटलं, उद्या रडशील. तो म्हणाला, मला आत्ताच रडू यायला लागलंय.

हसू दे. तो माणूस उद्या रिकाम्या हाताने जाईल.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी चार.

टीव्ही लावलेला नाही. लिहून टाकते, म्हणजे सुटेन.

तो माणूस अकराला आला. टेम्पो घेऊन. मी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि चादर ओढली. टाकी घसरली, पण शिवणवालीने झेलली. तो माणूस वाकला, डबे उघडत गेला. एक, दोन, सात. मला वाटलं, आता म्हणेल, असली गाडी मी नेत नाही.

तो उठला आणि माझ्या पाया पडायचा बाकी राहिला. म्हणाला, आजी, तुम्ही केलंत हे? मला गाडी नकोच होती. माझ्याकडे ह्याच मॉडेलच्या तीन उभ्या आहेत, सुट्या भागांसाठी अडल्यात. खोलायला, घासायला माझा आठवडा गेला असता. तुम्ही तर सगळं हातात आणून दिलंत.

मी म्हटलं, खबरदार. डब्याला हात लावायचा नाही. ही गाडी ह्यांचा जीव आहे. विचारा त्यांना.

सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. आज हातात पेपर नव्हता. हे म्हणाले, नेऊ दे. मीच बोलावलंय त्यांना.

मुलगा खाली बघायला लागला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सुनेलाही. मला सोडून घराला माहीत होतं.

मी म्हटलं, अहो, तुमची लाडकी गाडी!

हे म्हणाले, मला ती कधीच आवडली नाही. भीती वाटायची. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता पडतो. घरी आलो की तळहात पुसायचो आधी. तुला मागे बसायला आवडायचं, म्हणून चालवली. तू एवढी खूश असायचीस की सांगायचं राहून गेलं. मग गुडघ्याने सोडवलं.

टेम्पो गेला. सांगाडा, टाकी, सात डबे. लाल सीट मी दिली नाही. अडवून धरली. ह्यांनी ती आत आणून खिडकीपाशी ठेवली आणि म्हणाले, बस. बसले. हे शेजारी बसले. सीट लांब आहे, दोघांना पुरते.

मी रागावलेलीच आहे. एकतीस वर्षं! माणसाने सांगायला नको? मी ह्यांचं म्हणणं ऐकलं नसतं असं थोडंच आहे? ऐकलं असतं. नक्की ऐकलं असतं.

एकतीस वर्षं तो माणूस जीव मुठीत धरून ती गाडी चालवत होता, आणि मी मागे बसून, खांद्यावर थाप मारून, काय म्हणायचे? अहो, जरा जोरात घ्या की.