दादांचा फोटो उघडत आहे

३ फेब्रुवारी, सकाळी
ज्यांचे लॅपटॉप मुंगीच्या पावलांनी चालतात अशा तमाम नाशिककर बंधू-भगिनींनो! आपली फसवणूक झाली आहे. दुकानात हरणासारखा पळणारा लॅपटॉप घरी आला की म्हैस होतो. डबक्यात बसलेली म्हैस. फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं की उठतच नाही. किती सहन करायचं?
(इथे कुणी ऐकत नाही. सवय.)
परवा दादा गेले. माझे थोरले भाऊ, हिरामण. नोकरी ओझरला, विमानांच्या कारखान्यात. सुटीच्या दिवशी माझ्या व्याख्यानांना खुर्च्या मांडायच्या, माइकची वायर सांभाळायची. दहाव्याला रामकुंडावर फोटो लागेल. त्यांची निकिता म्हणाली, काका, मी करते की मोबाइलवर, पाच मिनिटांत. ठणकावून सांगितलं, मी माझे फ्लेक्स स्वतः करतो, माझा भाऊ पाच मिनिटांत उरकायचा नाही.
रडू आलेलं नाही. काम आहे.

४ फेब्रुवारी
दादांचा एकट्याचा फोटो सापडत नाही. कॅमेरा दिसला की ते खुर्च्या नीट करायला जायचे. एकच मिळाला, पंचवटीतल्या सभेचा. पुढे मी, मूठ वर. मागे दादा, हातात वायर. माझी मूठ नेमकी त्यांच्या हनुवटीवर. मूठ पुसायची, हनुवटी बसवायची. सोपं आहे. आज संपवणार.
फाइल उघडत आहे.
जेवून आलो. उघडत आहे.

६ फेब्रुवारी
मूठ निम्मी पुसली. हँग. सेव्ह करायचं राहिलं होतं, मूठ परत आली.
कंपनीच्या निषेधाचं भाषण लिहिलं. ‘प्रक्रिया चालू आहे, हे वाक्य आपण किती पिढ्या ऐकायचं?’ उत्तम उतरलं. फोटो जिथल्या तिथे.
वहिनींचा फोन. भाऊजी, झाला का फोटो? म्हटलं, रॅम कमी पडते. म्हणाल्या, असं होय. जेवलात का?

७ फेब्रुवारी
लॅपटॉपखाली दोन जाड ग्रंथ ठेवले, समोर टेबलफॅन. माझी बायको मीना म्हणाली, त्याला वारा घालत बसलाय, तेवढा वेळ वहिनींपाशी बसा. बायकांना तंत्रज्ञान कळत नाही.

८ फेब्रुवारी
निकिता आली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, अहो काका, हा तर तुमच्या व्याख्यानाचा फ्लेक्स आहे! दहा फूट बाय आठ फूट. बाबांना त्याच्यावरच चिकटवलंय होय? आणि खाली हे कोण?
खाली मी. दर सभेला जुन्या फाइलवरच नवा फोटो लावतो, जुना नुसता लपवतो. वर्षानुवर्षं. ती खालचा एकेक थर, म्हणजे लेयर, दाखवत गेली. फेट्यातला मी. हात जोडलेला मी. बोट रोखलेला मी. म्हणाली, एवढ्या सगळ्यांचं ओझं आहे, लॅपटॉप बिचारा काय करणार? हे उडवले की बाबा हलतील.
मी म्हणालो, इतिहास असा पुसता येत नाही.
चहा न घेता गेली.

९ फेब्रुवारी
उद्या पहाटे उठून नक्की. श्रद्धांजलीचं भाषण मात्र तयार आहे.

१० फेब्रुवारी, दुपारी
फोटो लॅपटॉपमध्येच राहिला. वहिनींनी आधार कार्डावरचा झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणला होता. डोळे अर्धवट मिटलेले, एक कान धूसर. म्हटलं, वहिनी, हा शोभत नाही. म्हणाल्या, असू द्या भाऊजी. यात ते एकटे तरी आहेत.
बोलायला उभा राहिलो. मूठ वर केली आणि माइक बंद पडला. वायर निघाली होती. मी सवयीने मागे पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.
लोकांना वाटलं भाषण संपलं. उठले.

संध्याकाळी
फाइल उघडली. फेट्यातला मी निवडला. डिलीट करायचं का, असं स्क्रीनने विचारलं. लॅपटॉप आज हँग झाला नाही. बोटच चाललं नाही.
निकिताला मेसेज लिहायला घेतला. सुरुवात ‘बंधू-भगिनींनो’ अशी झाली, ती खोडली. मग एवढाच पाठवला:
रविवारी ये. माझे सगळे लेयर तू डिलीट कर.