टांग्यात राहिलेला डबा

बाबा, काल दहावीच्या वर्गात 'शिव्हलरसली' हा शब्द शिकवायला घेतला आणि माझ्या हातातला खडू थांबला. हो, मी आता बोळिंजच्या शाळेत इंग्रजीच शिकवते.

तुम्हाला तो शब्द कुणी सांगितला नसेल. आमच्या बाईंनी सांगितला होता, वसईच्या शाळेत, मी नववीत असताना. दुबळ्या माणसाशी मोठ्या मनानं, उपकाराचा आव न आणता वागणं. जुन्या फ्रेंचमधल्या घोडा या शब्दावरून आलेला, घोडेस्वार सरदारांचा शब्द. त्याच्याही मागे लॅटिनमध्ये साधं ओझ्याचं घोडं आहे, हे मला आत्ता शब्दकोशात कळलं आणि मी हबकलेच. बाई म्हणाल्या, "परवा पुलाच्या चढावर टांगेवाले स्वतः खाली उतरले, घोड्याबरोबर चालले. माझ्या आईला मात्र म्हणाले, तुम्ही बसा आजी. याला म्हणतात शिव्हलरसली."

"म्हणजे टांगेवाला पन हिरो!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. माझे वडील रेल्वेत आहेत असं मी सांगून ठेवलं होतं ना! तुम्ही टांगा घेऊन स्टेशनबाहेर उभे राहायचात, खरं तेवढंच.

आणि दारात तुम्ही उभे. खाकी सदरा, हातात माझा डबा. आता हाक मारणार, संपलं सगळं. बाई म्हणताहेत, "अरे, हेच ते!" तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत.

"बाई, या वर्गातल्या कोना पोरीचा डबा टांग्यात राह्यला," म्हणालात, टेबलावर ठेवलात आणि गेलात.

बाईंनी दोनदा विचारलं. मी उठले नाही. डबा शेवटी शिपायाकडे गेला. संध्याकाळी आई माझ्यावर डाफरली, डबा कुठंय म्हणून, तर घोड्याला पाणी दाखवता दाखवता तुम्हीच म्हणालात, "माझ्या हातनं पडला. पोरीला कशाला बोलतेस?" त्यावर तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही नाही. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

काल मुलांना मी तो पुलाचा चढ सांगितला. छान रंगवून सांगितला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कोण होते ते?"

"होते एक टांगेवाले," मी म्हणाले. स्वतःच्या तोंडून ते ऐकून मला धक्काच बसला.

बाबा, डबा मी कालही उचलला नाही.