ठिबकवरचे जोकर मासे

बारामती. रविवार, ८ फेब्रुवारी, संध्याकाळ.

पुण्याहून आणलेले दोन जोकर मासे अखेर माझ्या काचेच्या टाकीत आहेत. मागच्या वेळी मी घाई केली, पिशवीतून थेट टाकीच्या खाऱ्या पाण्यात सोडले आणि सकाळी दोन्ही मेलेले. आजही तसं झालं असतं तर टाकीच देऊन टाकणार होते.

दुपारी कळसहून तात्या आले. माझे वडील, सारा जन्म उसात गेलेला. टाकीत मी मीठ घालते हे त्यांना अजून पटत नाही. "आपल्या रानाची खालची पट्टी खारानं वाया गेली, अन् तू मीठ इकत आणतीस व्हय?"

मासे बादलीत होते, पुण्याच्याच पाण्यात. त्यात टाकीचं पाणी हळूहळू मिसळायचं, म्हणजे नव्या पाण्याचा धक्का बसत नाही. पण हळू म्हणजे किती? तात्यांनी गाडीतून ठिबकची बारीक नळी आणली, टाकीतून तोंडानं पाणी ओढलं, थुंकले आणि नळीला गाठ मारली. बादलीत थेंब, थेंब. मी गाठ सैल करायला गेले तर हातावर चापट. "रोपाला कुणी पाट सोडतं का? बस खाली."

बसले. दीड तास. थेंब तरी किती मोजायचे?

टाकीत सोडल्यावर दोघं दगडामागे गेले. मागचेही असेच लपले होते, शेवटपर्यंत खाल्लं नव्हतं. आज दाणे टाकले तर एक आला, मग दुसराही. तात्यांनी खिशातून फोन काढून आईला लावला.

"अगं, पाव्हणं जेवलं."