दोन्या तिबुर्सियांकडचे सतरा तुंबे

मोंतेविदेओ, २ जून १८३०

तीर्थस्वरूप रुफिनाताईस,

धाकट्या एवारिस्तोचा गुडघे टेकून नमस्कार. तुझा दमा, तुझ्या मेंढ्या आणि तुझा राग, तिघांची खुशाली कळव. (पहिल्या दोघांना आराम पडो. तिसऱ्याला पडला तर मी मोठी मेणबत्ती लावीन.)

मी मजेत आहे. आमच्या सभेत राज्यघटना लिहून झाली. नागरिकाने काय करावे हे आम्ही एकशे एकोणसाठ कलमांत सांगितले आहे. फक्त संध्याकाळी कोर्टातून रिकाम्या घरी आलेल्या नागरिकाने काय करावे, याचे कलम राहून गेले. (सुचवणार होतो, पण कुठल्या प्रकरणात घालावे ते कळेना.)

म्हणून परवा समोरच्या विधवा दोन्या तिबुर्सियांकडे यर्बाच्या पत्तीचा कडू काढा प्यायला गेलो. रिकामा तुंबा परत देताना ‘आभारी आहे’ म्हटले की पिणे संपले, भेट संपली, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तेव्हा मी ते म्हणालोच नाही. मोलकरीण त्याच पत्तीवर गरम पाणी भरत राहिली, मी नळीने ओढत राहिलो. बाराव्या तुंब्याला पत्तीची चव गेली. पंधरावा थंडगार आला, म्हणजे आता निघा. पण घर रिकामे करण्याची नोटीस लेखी हवी, असे मी मनाशी ठरवले. सतराव्याला त्यांच्या सासऱ्यांनी (मी त्यांना झोपलेले समजत होतो) एक डोळा उघडला.

“वकीलसाहेब, तुम्हाला घर नाही का हो?”

“आहे की,” मी म्हणालो. “पाच खोल्यांचं आहे.”

कुणी हसले नाही. मग मी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी ही हकिकत माझ्याआधी सभेत पोचली होती. शपथविधीवर बोलायला उठलो, ‘सन्माननीय सभासदहो’ एवढेच म्हटले, तर चहूबाजूंनी आवाज आला, “आभारी आहोत, वकीलसाहेब.” वीस वर्षांच्या वकिलीत इतका झटपट निकाल पाहिला नव्हता. खाली बसलो.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. अठरा जुलैला राज्यघटनेची शपथ आहे. प्रत्येक सभासदाच्या सज्जात घरची माणसे उभी राहतील. माझी बहीण येणार, असे मी सांगून बसलो आहे.

ता. क. दुसरा. आई गेली तेव्हा खटल्याची तारीख आहे, येता येत नाही, असे कळवले होते. तारीख नव्हती, ताई. मला धीर झाला नाही.

ता. क. तिसरा. अंगणाकडची खोली एप्रिलपासून चुना लावून तयार आहे. सवड नसेल तर येऊ नकोस. (हे वाक्य वकिलाने लिहिले आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.)