ती ओळ माझी होती

मी, बिरुदेव मायाप्पा बंडगर, वय सत्तावीस, शिक्षण नववी (दहावीचा फॉर्म भरला होता, परीक्षेच्या वेळी मेंढरांमागं होतो), मूळ राहणार तरसगाव, जिल्हा सोलापूर, सध्या मुक्काम सोलापूर शहर, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही, आणि हे लिहावं म्हणून मला कुणी दम दिलेला नाही. दम मिळालाय, पण तो लिहू नये म्हणून. माझ्या मागं माझ्या वस्तूंचं आणि माझ्या शब्दांचं काय करायचं ते खाली आहे. याआधी मी एकच कागद सही करून दिलाय. ते मृत्युपत्र नव्हतं, पण हे सगळं त्याच्यामुळंच चाललंय.

सत्तावीस वर्षांच्या माणसाला हे कशाला, असं कोर्टाबाहेर टायपिंगला बसणाऱ्या कमलाकरकाका हिरोळीकरांनीही विचारलं. "आजार वगैरे आहे का काही?" मी म्हटलं, नाही, रविवारी गावच्या जत्रेत गाणार आहे. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. म्हणाले, "मग लिही. स्वतःच्या हातानं लिही. अक्षर घाण असलं तरी चालतं."

१) जमीन. तरसगावच्या माळावर माझ्या वाटणीला दीड एकर आहे. त्यात दगड जास्त. ती माझी बहीण सोनाली हिला. तिला केम गावी दिली आहे, तिला ही जमीन कसता यायची नाही, पण तिच्या नावावर काहीतरी असावं. लग्नात मी तिला काही दिलं नव्हतं. मी त्या वेळी होटगीला होतो, की चिंचोळी एमआयडीसीत, आठवत नाही. चिंचोळीत पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात सात महिने काढले, तेवढाच माझा सलग मुक्काम. माझे पाय एका जागी ठरत नाहीत. पूर्वी मला वाटायचं ही मजा आहे.

२) मोटरसायकल. जुनी आहे, चढाला दमते. ती सोनालीच्या नवऱ्याला. ब्रेक बघून घ्यावेत.

३) ढोल. यासाठी जरा मागं जावं लागेल. आमच्यात बिरोबाच्या ओव्या गातात. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं तिचं शेपूट उचलायचं, त्याला झील म्हणतात. ओळ मी टाकायचो. झील सिद्धाप्पा मेटकरी धरायचा. तो माझ्या डाव्या अंगाला उभा राहायचा, कानावर हात ठेवून. ओव्यांत देवाला रागं भरायची आमची रीत आहे, बापजाद्यांपासून. देव आमच्यातलाच, मेंढरामागं फिरलेला. त्याला 'झोपलास का रं' विचारलं तर तो रागावत नाही. आजवर रागावला नाही. रागावली ती माणसं.

ते असं झालं. आमची ग्रामसभा शाळेत व्हायची. शिवशरणअण्णा देवस्थानचे अध्यक्ष, सरपंच त्यांची सून. एका वर्षी ठराव झाला की सभा देवळाच्या सभामंडपात घ्यायची, म्हणजे गावात भांडणं होणार नाहीत. भांडणं थांबली खरी. मंडपात आवाज चढवायचा नाही. बायकांनी चार दिवस यायचं नाही, मग ज्या बाईचे ते चार दिवस, तिची तक्रार पुढल्या सभेला. उन्हाळ्यात टँकरची पाळीसुद्धा कौल लावून ठरायला लागली. देवाला फूल लावायचं, उजवीकडं पडलं तर वरच्या आळीला पाणी, डावीकडं पडलं तर आमच्या वस्तीला. सहा आठवडे फूल उजवीकडंच पडलं. कागदावर 'कौलानुसार' असं लिहून वर पाठवायचे आणि वरून सही होऊन यायची. वरच्या साहेबाचा कचेरीतला फोटोही देवासमोर हात जोडलेलाच होता. कुणी विचारलं तर अण्णा म्हणायचे, "मला काय इचारतोस? देवाला इचार की."

म्हणून मी जत्रेत देवाला विचारलं. ओळी अशा होत्या:

बिरोबा माझ्या राया रं, कवा झालास सरपंच,
टँकरच्या कागदावर रं, तुझा अंगठा उठला कसा,
उजव्या अंगाला फूल पडतंय, डाव्या अंगाला तहान रं.

गायच्या आधी सिद्धाप्पा म्हणाला होता, "बिऱ्या, वळ जरा गरम हाय की." मी म्हटलं, फुंकून गा. लोक हसले, काही बायका रडल्या. कुणीतरी मोबाइलवर काढलं. काढणारा डाव्या बाजूला उभा होता, त्यामुळं त्यात माझी पाठ आहे आणि सिद्धाप्पाचं तोंड आहे. झील धरताना तोंड मोठं उघडतं. बघणाऱ्याला वाटावं, तोच म्हणतोय.

ढोल कुणालाही देऊ नये. चामडं ढिलं पडू द्यावं.

४) माझी सही. हे मुख्य कलम आहे. भावना दुखावल्याची तक्रार झाली, आम्हा दोघांना ठाण्यात बोलावलं. शिवशरणअण्णा आत खुर्चीवर होते, साहेब त्यांना चहा विचारत होते. साहेबांनी मला विचारलं, "ओळ कुणाची?" बाकावर सिद्धाप्पा होता. तो माझ्याकडं बघतही नव्हता, खिशातली तंबाखू शोधत होता. मी म्हटलं, "त्याची. मी नुसता संगं होतो." इतक्या लवकर म्हटलं की साहेबांनाही नवल वाटलं. मग माफीनाम्यावर सही केली. सिद्धाप्पानं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मला सोडलं. तो अकरा दिवस आत होता. सुटल्यावर त्याला मंडपाच्या पायरीवर नाक घासायला लावलं आणि टँकरच्या यादीतून त्याच्या आईचं नाव काढलं. माझा माफीनामा लॅमिनेट करून मंडपात लावलाय, अजून आहे. सिद्धाप्पानं गाणं सोडलं, मग बोलणं सोडलं. होटगीला कामाला गेला आणि तिथंच रेल्वेखाली गेला. कागदावर अपघात आहे. मी तसंच धरून चालतो. कधी कधी धरता येत नाही.

त्याला दोन वर्षं झाली. मी एकही वाक्य तेव्हापासून एकट्यानं बोललेलो नाही. टपरीवर "एक कटिंग" म्हटलं तरी डाव्या कानामागं "कटिंग रं" असं येतं, सुरात. केमला गेलो, तिथं आलं. चिंचोळीत मशीन चालू असताना वाटलं सुटलो, तर मशीन बंद झाल्याबरोबर आलं. मांत्रिकाकडं गेलो नाही. काय सांगणार, की मला छळत नाही, नुसती साथ देतोय?

तर लिहून देतो: ती ओळ माझी होती. तिन्ही ओळी माझ्या. जुळवल्या मी, चाल मी लावली. सिद्धाप्पा हा मायाप्पाच्या पोराच्या, म्हणजे माझ्या, मागं नेहमीसारखा उभा होता, एवढाच त्याचा दोष. मंडपातल्या कागदावरची माझी सही मी मागं घेतो. त्यात देवाची माफी आहे. देवाची मागायच्या आधी मला सिद्धाप्पाची मागायला हवी होती. रविवारी मी त्याच जागी उभा राहून त्याच ओळी माझं नाव घेऊन गाणार आहे. मी गायलो नाही, म्हणजे पळालो, तर माझ्या मरणाची वाट न बघता हे कलम ग्रामसभेत वाचावं. माझ्या पायांचा मला भरवसा नाही.

५) मेंढरं. चुलत्याकडं माझी चौदा मेंढरं आहेत. ती सगळी, आणि बँकेत जे असेल ते, सिद्धाप्पाची आई नागव्वा भीमण्णा मेटकरी हिला.

६) शिवशरणअण्णांना माझ्याकडून काही नाही. शिव्या लिहिल्या होत्या, कमलाकरकाका म्हणाले, "चालतात, पण मग तेच वाचतील सगळे, कलम चार कुणी वाचणार नाही." खोडल्या. त्यांना एवढंच, की फूल ओलं करून उजवीकडच्या बाजूला लावलं की ते उजवीकडंच पडतं. मी लहानपणी पुजाऱ्याच्या हाताखाली हे बघितलंय, आणि गप्प बसलोय. ती गोष्टही माझ्या खाती धरावी.

७) माझं जे काही होईल त्यानंतर मला मंडपासमोरून नेऊ नये.

इथं सही करणार होतो. पण खालचं घडलं म्हणून तेही लिहितो.

मी नागव्वाला एसटीनं बोलावून घेतलं होतं. तिला वाचता येत नाही, कमलाकरकाकांनी सगळं मोठ्यानं वाचलं. कलम चार वाचताना मी रस्त्याकडं बघत होतो. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "त्याला चार वळी कवा जुळल्यात रं? आई हाय म्या त्याची. तुला वाटलं मला ठावं न्हाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू येशील म्हनून. दोन सालं लावलीस."

मग विचारलं, "रविवारी झील कोन धरनार?"

मी म्हटलं, "त्योच धरतोय अजून."

ती हसली नाही, रडलीही नाही. "डाव्या अंगाला?"

"डाव्या."

"व्हय. तितंच राहायचा."

साक्षीदार दोन लागतात. एक कमलाकरकाका. दुसरा मी रस्त्यावरून कुणी बघतो म्हटलं, तर नागव्वा म्हणाली, म्या हाय की. काकांनी समजावलं, "बाई, कायदा असा आहे, ज्याला काही मिळतंय त्यानं साक्ष घातली तर साक्ष टिकते, पण त्याला दिलेलं रद्द होतं. मेंढरं जातील तुमची."

"आनि साक्ष राहती?"

"साक्ष राहते."

"मग जाऊ द्या मेंढरं. नंगं बेड," ती कानडीत बोलली, मग मराठीत, "मला नगं. दुसऱ्या कुनाचा अंगठा उठला तर गाव म्हनंल इकत घेतलाय. कुटं हाय ती शाई?"

मी म्हटलं, नागव्वा, तुझ्या घरात पाणी नाही, कोकरू विकून टाकी तरी घेशील. ती म्हणाली, "तुजी मेंढरं पिऊन माजी तहान जानार हाय व्हय? लिव्ह."

म्हणून कलम पाच माझ्या हातानं खोडलं आहे. मेंढरं आणि बँकेतलं सोनालीला. खाडाखोड माझीच, बाजूला सही आहे.

लिहून देणार: बिरुदेव मायाप्पा बंडगर (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:

१. कमलाकर अच्युत हिरोळीकर, टंकलेखक, सोलापूर (सही)

२. नागव्वा भीमण्णा मेटकरी, राहणार तरसगाव, डाव्या हाताचा अंगठा. हिनं सांगितल्यावरून तिच्या शब्दांत: "म्या समदं ऐकलं. वळ बिरुदेवाची हाय. माज्या पोरानं ती नुसती उचलली. अंगठा माजा हाय, देवाचा न्हवं."

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ६ मार्च २०२५