नसलेल्या बेटाला मिळालेले प्रथम पारितोषिक

प्रति,
मा. सदस्य सचिव,
जिल्हा छंद संवर्धन समिती,
धाराशिव.

विषय : टपाल तिकीट संग्रहासाठी मला देण्यात आलेले प्रथम पारितोषिक काढून घेऊन ते श्रीमती प्रेमाबाई कवडे, रा. वाशी यांना देणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे यापूर्वीचे अर्ज.
२) "तशी तरतूद नाही" या आशयाची आपल्या कार्यालयाची उत्तरे.
३) मला तज्ज्ञ सदस्य नेमल्याबाबतचे आपले पत्र.

महोदय,

१. मी, माणिकप्पा शिवपुत्र कलशेट्टी, तुळजापूर येथे बसस्थानकामागे यात्रेकरूंसाठी लॉज चालवतो. शाळेत असल्यापासून मला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या समितीने भरवलेल्या प्रदर्शनात माझ्या "सागरी देशांची दुर्मिळ तिकिटे" या संग्रहास प्रथम पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी शेऱ्यात "तिकिटांची स्वच्छता व चकाकी वाखाणण्याजोगी" असे लिहिले होते. ती चकाकी कशामुळे होती, हे आता मला कळले असून तेच आपल्या निदर्शनास आणण्यासाठी मी वारंवार अर्ज करीत आहे.

२. उत्तेजनार्थ पारितोषिक श्रीमती प्रेमाबाई कवडे यांना मिळाले. बाई आरोग्य सेविका म्हणून निवृत्त झाल्या असून वाशी, भूम, कळंब भागात त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. लसी टोचायला ज्या ज्या गावी त्या गेल्या, तिथल्या घरांतून त्यांनी जुनी पाकिटे मागून घेतली आणि तिकीट व त्यावरचा गावचा शिक्का असा तुकडा कापून जपून ठेवला. तिकिटे साधीच आहेत. ट्रॅक्टर, कापसाचे बोंड, कुटुंब नियोजनाचे चौघे. परंतु त्यावरचे शिक्के आपल्या जिल्ह्यातील लहान लहान टपाल कार्यालयांचे असून त्यांतली कित्येक कार्यालये आता बंद झाली आहेत. त्यांच्या संग्रहावर परीक्षकांचा शेरा असा होता : "तिकिटे वापरलेली व शिक्क्यांनी खराब झालेली आहेत. पुढील वर्षी कोरी आणावीत."

३. बक्षीस समारंभ संपल्यावर सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. चष्मा लावून त्यांनी माझी तिकिटे सावकाश पाहिली आणि एका तिकिटावर बोट ठेवून विचारले, "अप्पा, हे बेट कुठंशी आलं वो?" त्या तिकिटावर "सान ओलिव्हेरा" असे नाव व एक पांढरा घोडा होता. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "समुद्रात." त्या म्हणाल्या, "व्हय, बेट म्हणल्यावर समुद्रातच असणार की." त्यांनी एवढे बोलून हात जोडले व त्या वाशीची गाडी पकडायला निघून गेल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी विसरूनही गेलो असतो.

४. घरी येऊन मी नकाशात ते बेट शोधले. मोबाईलवर शोधले. मुलीच्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकात पाहिले. बेट कुठेच नाही. मग मला भीती वाटू लागली व मी उरलेली तिकिटे भिंगाखाली धरली. पुढे सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून ही माहिती देतो. खरी तिकिटे एकमेकांपासून फाडलेली असतात, त्यामुळे कडेच्या दात्यांच्या टोकांना कागदाचे बारीक तंतू दिसतात. माझ्या तिकिटांचे दाते शिंप्याने कापल्यासारखे गुळगुळीत होते. चित्र भिंगातून पाहिले तर घरच्या प्रिंटरवर निघते तसे रंगीत ठिपके दिसत होते. शिक्के होते खरे, पण प्रत्येक तिकिटाच्या त्याच कोपऱ्यात त्याच शिक्क्याचा तोच तुकडा होता. आणि तिकीट उलटे केले तर मागे अखंड डिंक. पाकिटावर कधी चिकटलेच नसेल तर पोस्टाने त्यावर शिक्का मारला कुठे? हा प्रश्न मला विकत घेण्यापूर्वी पडायला हवा होता. ही तिकिटे मी मोबाईलवरील एका विक्रेत्याकडून घेतली. जाहिरातीत "शेवटचा नग शिल्लक" असे लिहिले होते, म्हणून घाईने घेतली. तो शेवटचा नग अद्याप शिल्लक आहे.

५. संग्रहातील दीपस्तंभाचे तिकीट ज्या देशाच्या नावाने होते, त्या देशाला समुद्रच नाही. मी त्या देशाच्या टपाल खात्यास तिकिटाचा फोटो पाठवून ईमेल केला. "असे तिकीट आम्ही कधीही काढलेले नाही, आमच्या नावाने कोणीतरी छापले आहे, कळवल्याबद्दल आभार," असे त्यांचे उत्तर त्याच आठवड्यात आले. आपल्या कार्यालयाचे अंतर त्या मानाने कमी आहे.

६. बक्षिसाची ढाल घरात पडून राहिली असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो. परंतु आपल्या नियमावलीनुसार प्रथम क्रमांकाचा संग्रह नंतर मागवून घेऊन समितीच्या दालनातील काचकपाटात कायमस्वरूपी ठेवला जातो. सिस्टर प्रदर्शनात उतरल्या होत्या त्या केवळ त्या कपाटासाठी. गुडघ्यांमुळे त्यांना आता एकटे राहणे जमत नाही. दिवाळीनंतर त्या मुलीकडे, दीपमालाकडे, पुण्याला जाणार असे ठरले होते. तिथे जागा लहान. ही कात्रणे नेऊन ठेवायची कुठे, हा मुलीचा प्रश्न. आणि टाकून द्यायची तर कोणत्या मनाने, हा आईचा. ज्या गावांचे हे शिक्के आहेत ती गावे या जिल्ह्यात असताना शिक्क्यांनीही जिल्ह्यातच राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती जागा माझ्या पांढऱ्या घोड्याने अडवली.

७. म्हणून मी पारितोषिक परत घेण्याचा अर्ज केला. आपल्या कार्यालयाने उत्तर दिले की, दिलेले पारितोषिक परत घेण्याची तरतूद नाही. तथापि उपरोक्त बेट अस्तित्वात नसल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडल्यास विचार करता येईल. असा दाखला कोण देतो हे पत्रात नव्हते. आमच्या भागाचा सज्जा ज्यांच्या हद्दीत येतो, ते तलाठी रणधीर भाऊसाहेब यांच्याकडे मी गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचले व म्हणाले, "अप्पा, माझ्या सज्जात समुद्रच न्हाय. बेट कुठून दाखवू, अन् न्हाय म्हणून तरी कसं लिहू?" तरीही माझी अवस्था पाहून त्यांनी "सदर नावाचे बेट या सज्जात आढळून येत नाही" असे सहीशिक्क्यानिशी लिहून दिले. आपल्या कार्यालयाने तो दाखला अपुरा ठरवला. त्यावरून बेट इतर सज्जांत नाही हे सिद्ध होत नाही, असा आक्षेप होता. तो आक्षेप योग्य आहे हे मी मान्य करतो.

८. दरम्यान त्या विक्रेत्याने माझा ढाल घेतलेला फोटो जाहिरातीत टाकला व खाली "शासकीय पारितोषिकप्राप्त संग्रह" असे छापले. ते पाहून नळदुर्गचे हॉटेलवाले बंडप्पा यांनी घोड्यांचा अख्खा संच मागवला. खोटा आहे असे मी त्यांना फोनवर सांगितले, तर ते म्हणाले, "तुमचा खोटा पहिला येतो, मग माझा खरा आणून मी काय दुसरा येऊ?" मी लॉजच्या काउंटरवर खोटी तिकिटे ओळखण्याची माहिती मोठ्या अक्षरांत लिहून लावली. यात्रेकरू ती उभे राहून वाचतात. वाचून झाल्यावर बरेचजण विचारतात की घोड्याचे तिकीट कुठे मिळेल.

९. शेवटी मी ढाल पिशवीत घालून वाशीला गेलो. सिस्टर ओसरीवर भांडी बांधत होत्या. मी सगळे सांगितले व ढाल पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली नाही. "अप्पा, तुमच्या मनात आलं, लई झालं. पण तुम्ही दिलेली मी कशी घेऊ? ज्यांनी खराब म्हणलं, त्यांनी द्यावी." मग त्यांनी मला चहा दिला आणि संग्रहाच्या वह्या एका चादरीत बांधून माझ्याकडे सरकवल्या. "हे मात्र घेऊन जावा. तुमच्या लॉजात एखादी खोली असंल. पोरीला मी म्हणाले, दिलं कुणालातरी." परतीच्या एसटीत येरमाळ्यापर्यंत ते गाठोडे मी मांडीवर घेऊन बसलो होतो. पुढे शेजारी जागा झाली, तरी ते खाली ठेवावेसे वाटले नाही.

१०. यानंतर आपले पत्र आले. वाढत्या तक्रारी लक्षात घेऊन समितीने बनावट तिकिटे ओळखण्यासाठी तज्ज्ञ सदस्य नेमण्याचे ठरवले असून, जिल्ह्यातील प्रथम पारितोषिक विजेता या नात्याने माझी नेमणूक केली होती. सोबत पहिले प्रकरण अभिप्रायासाठी जोडले होते. ते माझेच होते. मी कर्तव्य म्हणून दालनात जाऊन, चौकीदार महांतप्पा यांच्याकडून रीतसर किल्ली घेऊन, काचकपाट उघडले व माझा संग्रह तपासला. "सर्व तिकिटे बनावट व काल्पनिक. कपाटातून काढावीत," असा अभिप्राय लिहून खाली सही केली व अभिप्रायानुसार ती काढली. परंतु नियमावलीत असेही आहे की, काचकपाट कोणत्याही परिस्थितीत रिकामे ठेवू नये. नियमाचा भंग होऊ नये म्हणून मी सिस्टरांचा संग्रह तिथे मांडला. मांडताना महांतप्पांनी मदत केली, पण त्यांना मी तज्ज्ञ सदस्य म्हणून तोंडी आदेश दिला होता, त्यांची चूक नाही. कपाटावरील पाटी काढण्याचा अधिकार मात्र माझ्या नेमणूकपत्रात नव्हता, म्हणून ती तशीच आहे.

११. त्यानंतर दालनाची तपासणी झाली, शाळांच्या सहली येऊन गेल्या, पाहुणे आले. "सागरी देशांची दुर्मिळ तिकिटे" या पाटीखाली वाशी, पारगाव, ईट, ईटकूर यांचे शिक्के आहेत, याबद्दल कोणाचीही हरकत आल्याचे ऐकिवात नाही.

१२. गेल्या सोमवारी आपण स्वतः दालनात आला होता. मी तिथे नव्हतो. महांतप्पांनी सांगितले ते लिहितो. आपण घाईत होता व सगळी कपाटे चालत चालत पाहत होता. या कपाटाशी थांबलात. चष्मा काढून काचेला नाक लावलेत आणि म्हणालात, "हे तर आमच्या गावचं पोस्ट. कधीच बंद झालं ते. माझ्या आईच्या मनिऑर्डरी इथंच यायच्या." मग आपण बराच वेळ तिथे उभे होता आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तरी हलला नाहीत, असे महांतप्पा म्हणतात. त्याच संध्याकाळी आपण मला फोन करून अभिनंदन केलेत, संग्रह फार मोलाचा आहे म्हणालात. मी बोलण्याचा प्रयत्न केला, पण आपण फोन लगेच ठेवलात. ते अभिनंदन माझ्याकडे तसेच पडून आहे. ज्यांचे आहे त्यांना पोचते व्हावे.

१३. तरी आता माझी मागणी पूर्वीपेक्षा लहान आहे. बेट नसल्याचा दाखला मला मिळणार नाही, हे मी स्वीकारले आहे. पारितोषिक परत घेण्याची तरतूद नसेल तर तेही राहू द्यावे. सिस्टर अजून वाशीतच आहेत. दीपमाला त्यांना न्यायला पुढच्या आठवड्यात येणार आहे. त्यापूर्वी आपण एकदा त्यांच्या घरी जाऊन, आपल्या गावचा शिक्का कोणत्या पाकिटावरून घेतला, एवढे त्यांना विचारावे. त्यांना प्रत्येक पाकीट कोणत्या घरातले ते सांगता येते. आणि परत येताना पाटीवर त्यांचे नाव घालण्याचा आदेश द्यावा. पाटी दोनच स्क्रूंवर आहे.

नियमावलीनुसार अद्याप प्रथम क्रमांकाचा मानकरी व
आपला नम्र,

(माणिकप्पा शिवपुत्र कलशेट्टी)
तुळजापूर, जि. धाराशिव
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) पारितोषिकाची ढाल (पूर्वीसारखी मला परत पाठवू नये)
२) समुद्र नसलेल्या देशाच्या टपाल खात्याचे उत्तर
३) तलाठी यांचा दाखला, एका सज्जापुरता
४) अर्जदाराविरुद्ध अर्जदाराचा तज्ज्ञ अभिप्राय
५) श्रीमती प्रेमाबाई कवडे यांचा वाशी येथील पत्ता, घर चटकन सापडावे म्हणून खुणेसह