उड्डाणाचे पूर्ण तास

ती. बाबा,
रायपूरहून अपर्णाचा जयभीम.

मी बरी आहे. शंकर नगरात हवेशीर खोली भेटली, आईले सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

वायुदलातले माझे उड्डाणाचे तास नोकरीसाठी धरून घ्यायले इथल्या हेलिकॉप्टर कंपनीत गेली होती. कागद पाहून साहेब म्हणाला, "मॅडम, हेलिकॉप्टर आप उड़ाती थीं या बगल में बैठती थीं?" कागदावर कॅप्टन म्हणून माझंच नाव होतं. माझ्याआधी आलेल्या पुरुष पायलटले त्यानं हे विचारलं नाही.

मी म्हटलं, "बस्तरात जखमी जवान उचलले, तेव्हा बगलवाला पायलट गोळी लागून बेशुद्ध होता. त्यालेच विचारा." हे तुम्हाले कधी सांगितलं नव्हतं. आईले वाचून दाखवू नका.

साहेब खाली पाहत म्हणाला, अर्धे तास धरतो, नोकरी पक्की समजा. बाबा, इतका राग मले कधीच आला नव्हता. कागद उचलले अन् निघाली.

धाकट्या भावानं, लोकेशनं, घाईनं नोकरीचे पेढे वाटले असतील तर वाटू द्या. मी उद्या पूर्ण तास धरून घ्यायले, नागरी लायसन देणाऱ्या दिल्लीच्या मोठ्या सरकारी कार्यालयात जाऊन राहिली. अर्धी पायलट म्हणून मी उडणार नाही.

दोघंही जपा.
तुमची पोट्टी,
अपर्णा